बावीस सह्यांचा अर्ज

दाक्षायणीला कामावरून कुणी काढलं नव्हतं. कुणी ओरडलं नाही, हातात नोटीस दिली नाही, 'उद्यापासून येऊ नका' असं तोंडानं म्हटलं नाही. तरी दहा महिने झाले, ती घरीच होती. हे कसं झालं ते तिचं तिलाच उलगडत नव्हतं. शेजारणीनं विचारलं, "काय ओ अक्का, काम सुटलं की काय तुमचं?" तर ती एका दिवशी "व्हय" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी "न्हाई, सुटलं न्हाई." दोन्ही उत्तरं देताना तिला खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

शेळगीत तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा मल्लेश मालाचा टेम्पो चालवायचा. सासरे घरी असत, मुलगी शिवानी नववीत. दाक्षायणी स्वतः चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात अकरा वर्षं चेकिंगला होती. धुऊन वाळवलेला टॉवेल पेटीत जाण्याआधी चेकिंगच्या टेबलावर येतो. तिथे दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात. दोघी दोन-दोन कोपरे धरून एक झटका देतात, ट्यूबलाइटच्या उजेडात बघतात, उलटा करतात, पुन्हा झटका. सुटलेला धागा, ओढलं गेलेलं सूत, तेलाचा डाग, जे दिसेल त्यावर खडूची खूण. चांगला उजवीकडे, खराब डावीकडे. एकटीनं करायचं हे काम नव्हे. जोडी जमायला वर्ष जातं, आणि एकदा जमली की तोंडानं काही सांगावं लागत नाही.

दाक्षायणीची जोडी जैबून नदाफशी होती. आठ वर्षं. जैबूनचा झटका जोराचा, दाक्षायणीचा हलका, त्यामुळे पहिले सहा महिने ओला नसलेला टॉवेलही दाक्षायणीच्या तोंडावर सपकन बसायचा. "तोंड पुसून देतेय तुझं, अक्का," जैबून म्हणायची.

कारखान्यातले पुरुष मोटरसायकलवर यायचे आणि बायकांसाठी कंपनीची बस होती. असा नियम कुणी केलेला नव्हता, ते तसं पडून गेलं होतं. सकाळी सव्वासहाला बस तुळजापूर नाक्यावरून निघायची, बाळ्याला थांबायची, पावणेसातला गेटवर. तेवीस बायका. कुणी बसमध्येच वेणी घालायची, कुणी डब्यातली चटणी शेजारणीला चाखवायची, कुणी खिडकीला डोकं टेकून राहिलेली झोप पुरी करायची. घर सोडल्यापासून कारखाना येईपर्यंतचा तो अर्धा तास कुणाच्याच मालकीचा नसायचा.

२१ मार्च २०२०, शनिवार. त्या दिवशी टेबलावर निम्मा गठ्ठा राहिला होता. जैबूननं त्यावर कापड टाकलं. "सोमवारी बघू," असं म्हणून दोघी बसकडे पळाल्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दाक्षायणीला मात्र ते दिवस एकमेकांत मिसळलेले आठवतात. घरात चार माणसं चोवीस तास. सासऱ्यांच्या पूजेचं पाणी, मल्लेशचा चहा, पुन्हा चहा, भांडी, फरशी. कारखान्यात दिवसभर उभं राहूनही तिचे पाय असे दुखले नव्हते. मे महिन्यात मल्लेशला भाजीपाल्याच्या वाहतुकीचा पास मिळाला आणि तो बाहेर पडला. घरातला एकुलता एक फोन त्याच्या खिशात. शिवानीची शाळा त्या फोनमध्ये. मग तो संध्याकाळी परत आला की पोरगी पळत जाऊन फोन घ्यायची आणि सकाळी झालेल्या तासांचे फोटो बघून वहीत उतरवायची. समजत नाही म्हणाली तर विचारणार कुणाला? दाक्षायणी पुस्तक हातात घ्यायची, दोन पानं उलटायची आणि परत द्यायची.

जूनमध्ये कारखाना सुरू झाला. हे तिला आठ दिवसांनी कळलं, तेही मल्लेश जेवता जेवता सहज बोलला म्हणून.

"तुमच्या कंपनीचा मेसेज आलता बघ. ज्यांच्याकडं स्वतःची गाडी हाय त्यांनीच यायचं म्हणे."

"आणि मला सांगितलं न्हाई तुमी?"

"तुझ्याकडं कुठली गाडी हाय? म्हणून न्हाई सांगितलं."

यात त्याचं चुकलं असं तिला म्हणता येईना, आणि नाही चुकलं असंही म्हणता येईना.

मोटरसायकलवाले पुरुष गेले. ऑफिसातली माणसं तर तीन महिने घरूनच कामावर होती म्हणे, लॅपटॉप मांडीवर घेऊन. घरून टॉवेल तपासता येत नाही. बायका बसची वाट बघत राहिल्या. बसवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, कंपनीनं बोलावलं नाही. कंपनीतून निरोप आला, अर्ध्या सीटा रिकाम्या सोडायच्या तर दोन बसा लागतात, ते परवडत नाही. मग सीटा कोणी रिकाम्या ठेवायला लावल्या? सरकारनं. सरकारला कुठं जाऊन विचारायचं? एसटी पुणे रस्त्याला फाट्यावर सोडते, तिथून आत तीन किलोमीटर, आणि पहाटेची गाडी तर तेव्हा बंदच होती. दाक्षायणीनं मनात बराच शोध घेतला. 'बायका नकोत' असं म्हणालेला माणूस तिला कुठेच सापडला नाही.

शेवटी सारजाबाई म्हणाली, "अर्ज करू." सारजाबाई बसमधली वयानं सगळ्यांत मोठी. तिचा शब्द बसमध्ये चालायचा. आणि अर्ज म्हटलं की दाक्षायणी. दहावी झालेली, अक्षर वळणदार. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असो की नळाला पाणी येत नसो, गल्लीतली माणसं कागद घेऊन तिच्याकडे यायची. तिची एक रीत होती, शाळेतल्या बाईंनी शिकवलेली. आधी अडचण सविस्तर मांडायची, विनंती अगदी शेवटी दोन ओळींत करायची. पहिल्याच वाक्यात मागणं मांडलं तर साहेब लोकांना हुकूम सोडल्यासारखं वाटतं.

१० ऑगस्ट, सोमवार. सारजाबाईच्या अंगणात दहा-बारा जणी पदर तोंडाला लावून बसल्या. बाकीच्यांच्या सह्या घरोघर जाऊन घ्यायच्या ठरल्या. दाक्षायणीनं वाचून दाखवलं: 'माननीय साहेबांच्या सेवेशी, आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला कामगार आपणांस नम्रपणे कळवितो की, आमच्याकडे स्वतःचे वाहन नसल्यामुळे बस सुरू होईपर्यंत आम्हांला कामावर येणे शक्य नाही.' त्याखाली लहान मुलं, म्हातारी माणसं, फाट्यापासूनचं अंतर. सगळ्यात शेवटी, 'तरी कृपा करून बस सुरू करावी, ही विनंती.'

"लई ग्वाड लिहितीस बघ," सारजाबाई म्हणाली. "साहेब रडतंय आता."

सगळ्या हसल्या. सह्या झाल्या, दोघींचे अंगठे झाले. दाक्षायणी म्हणाली, "जैबूनला निरोप द्यायला पायजे. तिची सही राहिली."

बाकीच्या पदर सारखे करायला लागल्या. मग सारजाबाईच म्हणाली, "तिचं नाव कशाला?"

"कशाला म्हणजे? बसमध्ये हाय की ती."

"हाय गं. पोरगी चांगलीच हाय, मी काय वाईट म्हणते का? पण पेशंट निघाले म्हणून तिच्या गल्लीला पत्रे मारले हुते. टीव्हीवर काय काय दाखवायलेत त्यांच्या लोकांचं, बघितलीस न्हवं? साहेबानं नाव वाचलं की बस राहिली बाजूला. एकदा बस चालू होऊ दे, मग ती बी बसंल की. बस काय नाव विचारती व्हय?"

पत्रे शेळगीतही एका गल्लीला लागले होते, सारजाबाईच्या सख्ख्या भावाच्या गल्लीला. ते निघाले तसे लोक विसरले. हे दाक्षायणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बावीस बायकांच्या बसचा प्रश्न होता आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिला सारजाबाईचं पटलं नव्हतं, आणि पटलं नाही असं तिनं म्हटलंही नाही. कागद घडी करून तिनं ब्लाउजात खोचला. जैबूनला यातलं काही कळवायचं राहून गेलं. पुढे कळवणं अवघड होत गेलं, आणि मग फारच उशीर झाला.

अर्जाला उत्तर आलं नाही. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली नाही, तेव्हा कुठे वर्ष गेल्याचं दाक्षायणीच्या ध्यानात आलं.

१९ जानेवारीला मल्लेश टेंभुर्णीला माल आणायला निघाला होता. ती टेम्पोत बसून फाट्यापर्यंत गेली आणि तिथून आत चालत. गेटवर वॉचमन चनबसप्पा होते, तिच्या माहेरच्या नात्यातले.

"चालत आलीस व्हय?" त्यांनी तिच्या कपाळाला ते पिस्तुलासारखं यंत्र लावलं. "ताप न्हाई. जा. नवीन साहेब हाय, पोरगंच हाय, पण ऐकून घेतंय."

साहेबाचं नाव वरद. टेबलापुढे प्लास्टिकचा पडदा, त्याच्या पलीकडे तो. "बसा ताई. जरा लांबच. बोला."

तिनं सांगितलं. त्यानं कपाटातून फाइल काढली, पानं उलटली आणि पडद्याला चिकटवून एक कागद दाखवला. दाक्षायणीनं आपलं अक्षर लगेच ओळखलं. क्षणभर तिला बरंच वाटलं, कागद पोचला होता तर! मग तिला 'कामावर येणे शक्य नाही' याच्या खालची लाल रेघ दिसली, आणि समासात दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं: स्वेच्छेने काम सोडले.

"हे तुम्हीच लिहून दिलंय," वरद म्हणाला. "बावीस जणींनी. माझ्या आधीच्यांनी त्यावरच नावं कमी केलीत."

"सायेब, खाली वाचा की. विनंती खाली हाय."

"वाचली मी. बस सुरू करा म्हणताय. बस सुरू झाली नाही. मग कागदावर काय उरलं? येणं शक्य नाही, एवढंच उरलं."

तिनं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. एकही शब्द चुकीचा नव्हता. जे लिहायचं होतं तेच लिहिलं होतं. तरी कागदाचं काहीतरी निराळंच झालं होतं, आणि ते कुठल्या ओळीत झालं हे तिला दिसेना.

"आता नवीन जागा?"

"अवघड आहे. टेबलाला एकीलाच उभं करतो आता, अंतराच्या नियमामुळे. म्हणजे निम्म्या जागा तशाच गेल्या." तो यादीवर बोट फिरवत होता. "फेब्रुवारीत एक जागा होईल कदाचित. तुमच्या बसमधल्या एकाच बाईंचं नाव अजून चालू आहे. जैबून नदाफ. त्यांनी काही लिहून दिलेलं नाही, त्यामुळे नुसत्या गैरहजर. फोन केला, नंबर बंद. एक तारखेपर्यंत आल्या नाहीत तर नाव काढावं लागेल. मग तुमचा विचार करता येईल. गाडी आहे ना तुमच्याकडे?"

"हाय," दाक्षायणी म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक. तिच्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

फाट्यापर्यंतचे तीन किलोमीटर ती उन्हातून चालत आली. आपण काही केलं नाही, नुसतं गप्प बसलो, तर एक तारखेनंतर जागा आपली. गप्प बसण्यात पाप कसलं? ती जागा आपल्यासारख्या एका बाईलाच मिळणार, आपण काही कुणाच्या हातातून ओढून घेत नाही. पण जैबूनला फोन लागत नाही, म्हणजे आपण सांगितलं नाही तर तिला कधीच कळणार नाही. आणि नाव चालू राहिलं तेही आपण तिला बाहेर ठेवलं म्हणून. मग आपण तिचं वाईट केलं की भलं? चालता चालता तिनं दोनदा हा हिशेब केला आणि दोनदा निराळं उत्तर आलं.

मल्लेशला सांगितलं तर तो म्हणाला, "गप राहा की. तू काय तिचं नाव काढायला सांगितलं न्हाईस. तिची सोय ती बघेल."

हे ऐकल्यावर खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मागच्या वेळीही ती गप्पच बसली होती, सारजाबाईच्या अंगणात. चार दिवस ती भांडी घासता घासता तोंडातल्या तोंडात बोलत राहिली. शनिवारी दुपारी तिनं चप्पल घातली आणि जैबूनच्या गल्लीत गेली.

जैबून दारातच शिलाई मशीन मांडून बसली होती. भोवती निळ्या कापडाचे ढीग, एका बाजूला शिवलेले मास्क. भिंतीला लुना टेकलेली. नवऱ्याचा गाद्या भरायचा धंदा बंद पडला होता, कापूस पिंजायला माणूस घरात घ्यायला कुणी तयार होईना.

"अरे! अक्का? रस्ता भूली क्या?"

"न्हाई. तुझ्याकडंच आले." दाक्षायणी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पाठ केलेलं सगळं विसरली. "जैबून, आमी एक अर्ज दिलता. बसचा. त्यात तुझं..."

"मालूम है. सारजाबाईनं सांगितलं मला. दिवाळीच्या आधी नवी पेठेत भेटली. म्हणाली, तुझं नाव घेतलं न्हाई बाई, राग मानू नको, बस चालू झाली की तू बी बस. आणि वरून पिशवीतली शेंगापोळी काढून दिली."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? खाल्ली. भूक लागली हुती." मशीनचं चाक तिनं हातानं थांबवलं. "सारजाबाईचा राग न्हाई मला. ती बोलून मोकळी झाली. तुझा हाय. आठ वरस समोर उभी राहिलीस, आणि या गल्लीचे पत्रे निघाल्यावर एकदा बघायला आली न्हाईस."

दाक्षायणीनं सरळ कारखान्यातलं सांगायला सुरुवात केली. लाल रेघ, समासातलं अक्षर, यादी, एक तारीख. जैबून ऐकता ऐकता हसायला लागली. हसून हसून तिला ठसका लागला.

"या अल्ला! म्हणजे तुमी बावीस जणींनी मिळून राजीनामा दिला, छान अक्षरात, आणि माझ्या एकटीची नोकरी वाचवली?"

"तसं न्हवतं ते. वाचवायला न्हवतं."

"ते कळतंय मला." जैबूनचं हसू गेलं. "मग सांगायला कायकू आलीस? गप बसली असतीस तर तुझं काम झालं असतं की."

"ते मला बी कळंना."

"काय कळंना?"

"कशाला आले ते."

आतून जैबूनची सासू चहा घेऊन आली, तेव्हा कुठे दाक्षायणी उंबऱ्याच्या आत गेली.

कामावर जायचं की नाही याचा विचार जैबूननं चहा संपेपर्यंतच केला. लुना तिला येत होती, मास्क पोचवायला टाळेबंदीतच शिकली होती. अडचण निराळीच होती. दुकानदाराला पाचशे मास्क द्यायचं कबूल केलं होतं आणि सासूला टीप घालण्याइतकं डोळ्यानं दिसत नव्हतं. "मी गेले तर मशीनवर कोण बसंल?" असं म्हणून तिनं दाक्षायणीकडे पाहिलं.

एक फेब्रुवारीला दाक्षायणी सकाळी सहाला डबा घेऊन घरातून निघाली. "कंपनी चालू झाली?" सासऱ्यांनी विचारलं. "चालले मामा," एवढंच ती म्हणाली. मल्लेश झोपेत होता. ती जैबूनच्या दारात पोचली तेव्हा जैबून लुना चालू करत होती. दोघींनी एकमेकींना काय शुभेच्छा द्यायच्या ते दोघींनाही सुचलं नाही.

दाक्षायणी दिवसभर मशीनवर बसली. दुपारी चारला जैबून परत आली, मास्क काढून घाम पुसला आणि दारातच बसली.

"घेतलं?" दाक्षायणीनं विचारलं.

"घेतलं. एका टेबलाला एकटी. आता तूच सांग, एकटीनं टॉवेल कसा झटकायचा? एक बाजू टेबलाला दाबते, दुसरी धरते, तोवर तिसरं टोक खाली. निम्मा माल सुद्धा झाला न्हाई. सुपरवायझर म्हणतो, हात हळू झालाय तुझा."

"आणि माझं? साहेब काही बोलला?"

"विचारलं मी. म्हणाला, त्या ताईंना सांगा, जागा झाली की बघू. कधी ते त्याला बी माहीत न्हाई. खोटं बोलत न्हवता, मी तोंड बघितलं त्याचं." तिनं मशीनजवळची रास उचलली. "किती झाले?"

"चौदा."

"दिवसभरात? आणि हे बाजूला सहा कसले? खडू कुणी लावला?"

"मीच. टीप वाकडी हाय."

"अक्का, नाकाला बांधायचेत ते. परदेशी पाठवायचे न्हाईत."

"मला दिसतीय की वाकडी."

जैबूननं रास खाली ठेवली आणि विचारलं, "घरी काय सांगितलंस?"

"कामाला चालले म्हटलं."

"कुठल्या कामाला?"

"विचारलं न्हाई कुणी."

"आज न्हाई विचारलं. उद्या विचारतील."

दाक्षायणीनं ते सहा मास्क घरी उसवायला म्हणून पिशवीत टाकले. मग हे कुणाचे असं घरात विचारतील म्हणून बाहेर काढले. जैबूनच्या सासूनं आतून हाक मारून विचारलं, "कल सुबू आती ना, बेटी?" दाक्षायणीनं मास्क पुन्हा पिशवीत भरले, वर डबा ठेवला आणि गल्लीतून नाक्याच्या दिशेनं चालायला लागली. उसवायची सुई घरात आहे की नाही, ते काही केल्या तिला आठवेना.